सोडावाल्याचा ढेकर

मिरजेच्या बाजारपेठेत आवटी सोडा वर्क्स माहीत नाही असा माणूस सापडणं कठीण. लग्नसराईत जेवून तट्ट झालेली माणसं तिथे येत, गोटी सोड्याची बाटली फोडून घेत, एका दमात रिकामी करत आणि पायरीवरच असा काही ढेकर देत की शेजारचा कापडवाला गिऱ्हाईक सोडून वळून बघे. तिसऱ्या पिढीचा मालक संगमेश आवटी गल्ल्यामागे उभा राहून हे ऐके आणि हसे. मनातून मात्र त्याला त्यांचा हेवा वाटे, कारण वयाची पन्नाशी उलटली तरी या माणसाला स्वतःला एकदाही ढेकर आलेला नव्हता.

आता ही गोष्ट सोडावाल्यानं चारचौघांत सांगावी तरी कशी? चणे आहेत तर दात नाहीत, तशातली गत. चार घास जास्त गेले की पोट नगाऱ्यासारखं ताठ होई, छातीत दडपण येई आणि वर चढलेली हवा गळ्याशी अडून 'डर्रर्र, डर्रर्र' करत परत खाली जाई. लहानपणी त्याची आई, अव्वा, म्हणायची, कृष्णेत पोहताना या पोरानं बेडूक गिळलाय. ओवा झाला, हिंग झाला. एकदा आजोबांनी घरचाच सोडा पाजला, तर पोरगं पोट धरून गडबडा लोळलं. त्यानंतर संगमेशनं आपल्या मालाची चव पुन्हा म्हणून घेतली नाही.

आणि अशा माणसाला बायको मिळाली ती आचाऱ्याची मुलगी.

कुरुंदवाडचे मल्लाप्पा आचारी म्हणजे त्या भागात पंगतीचं दुसरं नाव. त्यांचा एक नेम होता. शेवटची खीर वाढून झाली की ते हात मागे बांधून पंगतीच्या टोकाला उभे राहत. दोन्ही टोकांकडून ढेकर ऐकू आल्याशिवाय ते स्वतः पाण्यालाही शिवत नसत. "ताटं बघून काय कळत नाही," ते म्हणत. "भिडेखातर माणूस पान चाटून खातो. ढेकर भिडेखातर येत नाही." जावई सोडावाला मिळाला म्हटल्यावर त्यांना कोण आनंद झाला होता. आचाऱ्याची लेक सोडावाल्याच्या घरात, आणखी काय पाहिजे?

शैला बापाचा नेम सासरी घेऊन आली. पहिल्या सणाला तिनं खपली गव्हाची खीर केली, घट्ट, वरून खसखस पेरलेली. संगमेशनं दोन वाट्या खाल्ल्या, पोट फुगलं, तो मुकाट्यानं उठून दुकानात गेला. शैला पदर खोचून बसून राहिली. दुपार टळली तरी बसून होती. शेवटी अव्वानं दटावून तिला जेवायला घातलं. वर्षभर हे चाललं, मग तिनं घरातला नेम सोडला. पुढे तिचे वडील, आप्पा, गेले, त्यांच्या पंगतींची कामं शैलाकडे आली, हजार-हजार माणसं तिच्या हातचं जेवून ढेकर देऊन गेली. पण घरातल्या पानावरून नवरा रोज मुक्यानं उठायचा. तिनं कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही. तिला वाटायचं याला आपल्या हातचं रुचत नाही. त्याला वाटायचं, सोडावाल्याला ढेकर येत नाही हे बायकोला सांगितलं तर ती हसेल. अशी सव्वीस वर्षं गेली. माणसं शहाणी असतात, पण घरात नाही.

सन २०४१च्या उन्हाळ्यात छातीतलं दडपण फारच वाढलं म्हणून संगमेश हृदयाच्या डॉक्टरकडे गेला. हृदय ठणठणीत निघालं. तिथून त्याला घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर कस्तुरी मगदूम वयानं त्याच्या भाचीसारखी. तिनं नाकावाटे बारीक नळी घातली, पडद्यावर काही वेळ बघत राहिली आणि विचारलं, "काका, तुम्हाला ढेकर कधीपासून येत नाही?"

संगमेशनं दाराकडे बघून घेतलं. शैला बाहेर बसली होती. "तिला आत बोलवा," तो म्हणाला. "एकदाच सांगतो, दोघींनाही."

कस्तुरीनं दोघांना समजावून सांगितलं. घास जिथून अन्ननलिकेत उतरतो, तिथे स्नायूचं एक कडं असतं. एरवी ते घट्ट मिटलेलं असतं. घास आला की क्षणभर उघडतं, परत मिटतं. खालून हवा वर आली तरी त्यानं तसंच उघडायचं असतं, तोच ढेकर. काही माणसांचं कडं खाली जाणाऱ्याला वाट देतं, वर येणाऱ्याला देत नाही. बेडूक-बिडूक काही नाही, अडलेली हवाच तेवढी गुरगुरते.

उपाय होता, आणि तो विषाचा होता. नासलेल्या डबाबंद अन्नात वाढणारा एक जिवाणू बोट्युलिनम नावाचं जहाल विष तयार करतो. स्नायू आवळण्याचा जो निरोप नस धाडते, तो हे विष वाटेतच अडवतं. अगदी किंचित मात्रा नेमक्या स्नायूत टोचली तर तेवढाच स्नायू ढिला पडतो. पूर्वीचे डॉक्टर तसंच करत. कडं तीन-चार महिने ढिलं राही, तेवढ्यात बहुतेकांना ढेकर साधे आणि विषाचा अंमल उतरल्यावरही पुष्कळांना तो टिके. मात्र पहिले काही आठवडे घास अडकायचा, आडवं झालं की खाल्लेलं वर यायचं. नवं औषध त्याहून शहाणं होतं. त्यातला विषाचा रेणू स्नायूत जाऊन झोपून राही. गळ्याला कागदासारखी पातळ पट्टी चिकटवायची, खिशात शर्टाच्या बटणाएवढी कळ ठेवायची. कळ दाबली की पट्टीतून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कातडीतून आत जाई, रेणू जागा होई आणि कडं अर्धा मिनिट ढिलं पडे.

"पण एक ध्यानात ठेवा," कस्तुरी म्हणाली. "हवा आपणहून वर आली, गळ्याशी गुरगुरली, की मगच दाबायचं. मेंदूला कळलं पाहिजे, हवा आली की कडं सोडायचं असतं. एकदा कळलं की कळ लागणार नाही. हे औषध चार महिने टिकतं आणि दुसऱ्यांदा देता येत नाही. शरीर त्याला ओळखून ठेवतं आणि आत येऊ देत नाही. एकच संधी आहे, काका."

घरी परत येताना रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आल्यावर शैलानं विचारलं, "मग खीर आवडायची का ओ तुम्हाला?"

"रोज दिली असतीस तर रोज खाल्ली असती."

"आणि हे आत्ता सांगताय?" ती म्हणाली आणि बाहेर बघायला लागली. तिला रडू येत होतं आणि रिक्षावाल्यासमोर रडायचं नव्हतं.

इंजेक्शन झालं, पट्टी लागली. आठवड्यानं शैलानं खीर केली. संगमेश दोन वाट्या जेवला. पोट फुगलं, हवा वर चढली, 'डर्रर्र' झालं. त्यानं भीत भीत खिशातली कळ दाबली. पुढे जे झालं ते इतकं मोठं होतं की आपल्या आत काहीतरी तुटलं असंच त्याला वाटलं. मग छाती हलकी झाली. पोट खाली बसलं. शेजारच्या घरातून कुणीतरी "वा!" म्हणालं. शैला डाव हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पदरानं डोळे टिपले, एक ताट घेतलं आणि तिथेच पाटावर बसून जेवायला लागली.

दुसऱ्या दिवशी संगमेशचं जेवण झालं तरी शैला जेवेना. "अगं, जेव की तू," तो म्हणाला.

"होऊ दे की तुमचं."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. आप्पांचा नेम परत आला होता. हवा काही घड्याळ बघून वर येत नाही. त्या दिवशी ती आली तेव्हा चार वाजत आले होते आणि शैला तोवर उपाशी होती. तिला पित्ताचा त्रास. तिसऱ्या दिवशीही तेच. नेम सोड म्हणावं, तर सव्वीस वर्षांनी तिच्या चेहऱ्यावर जे उजळलं होतं ते विझवायचं कुणी?

चौथ्या दिवशी संगमेशनं जेवण होताच दोन घोट हवा गिळली आणि कळ दाबली. ढेकर आला. लहानसा, पण आला. शैला हसली आणि जेवायला बसली.

बस, इतकं सोपं होतं ते. मग रोजचंच झालं. शेवटचा घास, दोन घोट हवा, खिशात अंगठा. काही दिवसांनी त्यानं तिला सांगूनही टाकलं की आता कळ लागत नाही, आपोआप येतो. पट्टी कशाला मग, तर डॉक्टरीणबाईंनी लावून ठेवायला सांगितलीय. एक खोटं झाकायला दुसरं लागतंच.

एव्हाना त्या पट्टीला भलतंच गिऱ्हाईक मिळालं होतं. ज्यांना काही आजार नव्हता तेही औषध टोचून ती लावून घ्यायला लागले होते. कॉलेजातली पोरं ढेकरांच्या शर्यती लावत. एक दिवस शैला काकडी चोचवता चोचवता म्हणाली, "पुण्यात काय चाललंय ऐकलंसा? मोठे केटरर पंगतीच्या दोन्ही टोकांना भाड्याची माणसं बसवतात म्हणे. पट्टी लावलेली. यजमानासमोर ढेकर देतात आणि पाकीट घेऊन जातात. आप्पा असते तर एकेकाला हाताला धरून पानावरून उठवलं असतं."

"होय की," संगमेश म्हणाला. त्याचा अंगठा खिशातच होता. तो त्यानं चोरासारखा बाहेर काढला.

पावणेतीन महिन्यांनी कस्तुरीनं तपासलं. तिनं नळीतून कड्याजवळ थोडी हवा सोडली. 'डर्रर्र' झालं, हवा माघारी गेली. परत सोडली, परत तेच. मग तिनं त्याची पट्टी यंत्रावर ठेवली आणि कळ केव्हा केव्हा दाबली गेली ते बघितलं.

"काका, तुम्ही जेवण संपल्या संपल्या दाबताय. रोज. तेवढ्यात हवा वर येतच नाही."

संगमेशनं मान खाली घालून सगळं सांगितलं. कस्तुरीला हसू आलं, पण ती हसली नाही. "तुम्ही कड्याला काहीच शिकवलं नाहीत. अंगठ्याला शिकवलंत. आता महिना-सव्वा महिना उरलाय. आजपासून नीट करा, नाहीतर औषध उतरेल आणि बेडूक परत जागेवर येऊन बसेल, कायमचा. आणि काकूंना सांगा."

सांगायचं ठरवूनच तो घरी आला. शैलानं खीर केली होती. जेवून सांगू, असं त्यानं ठरवलं. वाटी तोंडाला लावली आणि त्याच्या लक्षात आलं की खीर अगदी सपक आहे. गूळच नव्हता. शैलासारखी बाई गूळ विसरेल? दमली असेल, दोन दिवस लग्नाचं काम होतं तिचं. कशाला बोलायचं? तो निमूटपणे दोन्ही वाट्या जेवला. ती समोर उभी होती, भुकेनं चेहरा उतरलेला. आज शेवटचा, असं मनाशी म्हणत त्यानं हवा गिळली आणि कळ दाबली.

ढेकर झकास आला.

शैला जेवायला बसली नाही. तिनं वाटी उचलून बाजूला ठेवली. "गूळ मी मुद्दामच घातला नव्हता," ती म्हणाली. "काल आमटीत मीठ नव्हतं, तेव्हाही तुम्हाला आला. खिशात काय आहे ते इथं ठेवा."

त्यानं कळ काढून पाटावर ठेवली.

"तुम्ही पण पुण्याच्या माणसांतले झालासा तर."

"शैला, तू उपाशी राहत होतीस म्हणून मी..."

"मी उपाशी राहत होते ते माझं मी बघत होते." तिचा आवाज चढला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. "सव्वीस वर्षं तुम्हाला ढेकर आला नाही. वाईट वाटलं, पण तो न आलेला खरा होता ओ. हे काय दिलंत मला? माझ्याच घरात भाड्याचा ढेकर?"

संगमेशनं उरलेलंही सांगून टाकलं, औषध एकदाच मिळतं ते, अंगठा शिकला ते, महिनाभरच उरलाय ते. शैला ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा राग गेला असं नाही, पण बाजूला सरकला. औषध हातचं जाणार, बेडूक कायमचा बसणार आणि हे कुणापायी, तर आप्पांच्या नेमापायी. तिनं पाटावरची कळ उचलून त्याच्या हातात परत दिली.

मग तिनं ताट ओढलं आणि त्याच्यासमोर जेवायला बसली. सपक खिरीचा मोठा घास घेतला.

"आजपासून मी आधी जेवणार," ती म्हणाली. "तुम्हाला यायचा तेव्हा येऊ दे. दुकानात येऊ दे, संडासात येऊ दे. मी कान लावून बसणार नाही."

"आणि आप्पांचा नेम?"

"आप्पांचा नेम आप्पांबरोबर."

संगमेशनं उठून तिला पाणी दिलं.

त्या दिवसापासून घरात उलटी गंगा सुरू झाली. शैला आधी पानावर बसायची. नवरा जेवायचा असताना आपण बसलोय, याची तिला इतकी चोरी वाटायची की ती भिंतीकडे तोंड करून जेवायची. संगमेश नुसता समोर उभा तरी काय राहणार, म्हणून तो वाढायला लागला. डाव कसा धरायचा, आमटी ढवळून मगच का वाढायची, हे बोलणी खात खात शिकला. कळ आता तो कस्तुरीनं सांगितल्याप्रमाणे दाबी, हवा वर आली की मगच. कधी बाटल्या भरताना, कधी आंघोळीला बसल्यावर. दोन-तीनदा तर गिऱ्हाइकासमोरच. सोडावाल्याला ढेकर आला म्हणून कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

पण दिवस थोडे उरले होते. प्रकाशानं जागा होणारा रेणू हळूहळू विरत चालला होता. ढेकर बारीक होत गेले. एक दिवस कळ दाबून दाबून अंगठा दुखला तरी काही झालं नाही. संगमेशनं पट्टी काढली आणि दुकानातल्या गोट्यांच्या बरणीत टाकून दिली. पुढचा आठवडाभर नुसतं 'डर्रर्र' आणि छातीत दडपण. घरी येऊन त्यानं शैलाला सांगितलं, "गेलं ते. माझ्याच हातानं घालवलं."

"असू दे," शैला म्हणाली. "इतकी वर्षं बेडकासंगती संसार केला, आणखी करू. आता निदान ठाऊक तरी आहे कोण ओरडतंय ते."

त्यानंतरच्या सोमवारी शैलाला जयसिंगपूरला लग्नाचं मोठं काम होतं. पहाटे गेलेली ती दुपार उलटून गेल्यावर आली. पायांत गोळे आलेले. पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं, कारण घरातला नेम सोडला तरी पंगतीत ती अजूनही दोन्ही टोकांचे ढेकर ऐकल्याशिवाय खायची नाही, आणि आज वऱ्हाडी मंडळी रुसलेली, कुणाचं जेवणात लक्ष नव्हतं. तशीच उपाशी निघून आली होती. बरोबर पातेलंभर खीर आणली होती. संगमेशही तिच्यासाठी थांबून जेवायचा राहिला होता.

"बस," तो म्हणाला. पाट मांडला, पाणी ठेवलं, खीर गरम केली. वाटीत वाढली, वर तुपाची धार सोडली. शैला भिंतीकडे वळली नाही. तिला त्याचं भानच नव्हतं. ती जेवू लागली. एक वाटी गेली, दुसरी गेली. तिसऱ्या वाटीला ती "नको" म्हणाली आणि त्यानं डाव पुढे करताच वाटी पुढे केली. संगमेश डाव धरून उभा होता आणि आपल्या बायकोला असं भुकेनं जेवताना आपण आजवर कधी बघितलंच नाही, हे त्याला तेव्हा कळलं. इतकी वर्षं ती स्वयंपाकघरात, त्याच्यामागून, उरलेलं काय ते खायची, आणि हल्ली भिंतीकडे तोंड करून.

तिसरी वाटी संपली. शैलानं भिंतीला पाठ टेकली आणि तिला ढेकर आला. चांगला, पोटापासून आलेला, खणखणीत. तिनं पटकन तोंडावर पदर घेतला. डोळ्यांत मात्र हसू फुटलं होतं.

सव्वीस वर्षांत तिचा ढेकर त्यानं कधी ऐकला नव्हता. पोटभर जेवलेली ती त्याच्यासमोर कधी नव्हतीच. आप्पा पंगतीच्या टोकाला उपाशीपोटी उभे राहून काय ऐकत असत, ते संगमेशला त्या क्षणी समजलं, आणि त्याला हसू आवरेना. हसता हसता हवा पोटात गेली, आतून काहीतरी वर चढलं, ओळखीचं 'डर्रर्र' गळ्याशी आलं आणि या खेपेला तिथे थांबलं नाही.

संगमेशचा हात गळ्यावर गेला. गळा उघडा होता, पट्टी नव्हती. दुसऱ्या हातात डाव होता. अंगठ्यानं काही केलं नव्हतं.

"अहो," शैला म्हणाली, "तुम्ही तर अजून जेवलाच नाहीत."

"माहितेय," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

तिनं उठून त्याच्या हातातला डाव घेतला, त्याला पाटावर बसवलं आणि वाटी भरून समोर ठेवली. मग आपली वाटी घेऊन शेजारी बसली आणि तो कसा जेवतोय हे न बघता पातेल्याच्या तळाशी उरलेली खीर निपटून खायला लागली.